ब्राउझर आपण निवडतो, की तो पदरी पडतो?

आजचा विषय तसा घरगुती आहे. दिवसभरात आपण बँकेचे व्यवहार करतो, रेल्वेचं तिकीट काढतो, बातम्या वाचतो, सातबारा पाहतो. आणि यातलं बरंचसं एकाच खिडकीतून होतं. ती खिडकी म्हणजे ब्राउझर. "तुम्ही कोणता ब्राउझर वापरता?" असं विचारलं तर उत्तर चटकन येतं. "तोच का?" असं विचारलं की मात्र आपण अडखळतो. बहुतेकांचं खरं उत्तर असतं, "तो फोनमध्ये आधीपासून होता." पदरी पडलं, पवित्र झालं! तेव्हा आज आपण हेच पाहू, की ब्राउझर निवडताना आपण नेमकं काय काय निवडत असतो.

पहिली गोष्ट, हे 'आधीपासून असणं' फुकट नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयानं असा निकाल दिला, की शोधयंत्राच्या बाजारात गूगलनं आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली. त्या खटल्यात एक आकडा बाहेर आला. सफारी या ब्राउझरमध्ये आधीपासून गूगलचंच शोधयंत्र असावं, यासाठी गूगलनं ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले होते. आता तुम्ही म्हणाल, सेटिंगमध्ये जाऊन ते कुणालाही बदलता येतं की! येतं ना. पण बहुतेक लोक बदलत नाहीत, आणि पैसे मोजले जातात ते त्यासाठीच. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गूगलच्या ॲपांचा अख्खा संच आधीपासून घालावा लागत असे, हा त्यातला एक मुद्दा होता. त्या संचात क्रोम असायचंच.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन. ब्राउझरचे दोन भाग कल्पावेत. एक आपल्याला दिसणारा: टॅब, बटणं, बुकमार्क. दुसरा आतला, जो संकेतस्थळाकडून आलेली सांकेतिक भाषा वाचून तिचं पान मांडतो. या आतल्या भागाला इंजिन म्हणतात. दुकानात नावं भरपूर दिसतात: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी. पण या सगळ्यांच्या आत एकच इंजिन आहे, ब्लिंक. ते गूगलच्या पुढाकारानं चालणाऱ्या क्रोमियम या खुल्या प्रकल्पातलं आहे. ऑपेरानं स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनंही २०१८ च्या अखेरीस तसंच ठरवलं, आणि २०२० मध्ये क्रोमियमवरचं एज बाजारात आणलं. मोठ्या वापरात उरलेली वेगळी इंजिनं दोनच: सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. आणखी एक गंमत. आपल्याकडच्या आयफोनवर तुम्ही क्रोम उतरवून घेतलंत, तरी आत इंजिन वेबकिटच असतं, कारण तिथला नियमच तसा आहे. म्हणजे पाटी बदलते, स्वयंपाकघर तेच राहतं.

यानं आपलं काय बिघडतं? एकच इंजिन असलं तर उलट सगळीकडे सगळं सारखं दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. पण हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. विंडोजसोबत येणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररनं नेटस्केपला मागे टाकलं आणि २००३ च्या सुमारास जवळजवळ सगळा बाजार त्याच्या हाती गेला. मग काय झालं? सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! स्पर्धकच उरला नव्हता, मग घाई कुणाला? मधल्या काळात २००४ मध्ये फायरफॉक्स आलं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली.

याची झळ मराठी वाचकांनाही बसली होती. त्या काळात अनेक मराठी संकेतस्थळं युनिकोड वापरत नसत. प्रत्येकाचा आपापला फॉन्ट असे, आणि पान उघडताना तो आपोआप उतरवून घ्यायची सोय मुख्यतः एक्सप्लोररपुरती होती. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी उघडली की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा निव्वळ गोंधळ दिसे. फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. आपलीच भाषा वाचायला असा द्राविडी प्राणायाम! पुढे युनिकोड रुळलं आणि मराठी पान कोणत्याही ब्राउझरमध्ये वाचता येऊ लागलं. सर्वांनी मिळून पाळायचं प्रमाण असलं की काय होतं, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

तिसरी गोष्ट, ब्राउझर बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं? आपण एका संकेतस्थळावर चपला पाहतो आणि मग भलत्याच संकेतस्थळावर त्याच चपलांची जाहिरात पाठीमागे लागते. यामागे बऱ्याचदा तृतीय पक्षाच्या कुकी असतात. म्हणजे आपण ज्या पानावर आहोत त्याच्या मालकानं नव्हे, तर तिथे डोकावणाऱ्या जाहिरात कंपनीनं ठेवलेली खूण. फायरफॉक्सनं २०१९ पासून पाळत ठेवणाऱ्या माहितीतल्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली. सफारीनं २०२० मध्ये तृतीय पक्षाच्या सगळ्याच कुकी बंद केल्या. गूगलनंही त्याच वर्षी, दोन वर्षांत आम्ही त्या काढून टाकू, असं जाहीर केलं. मुदत पुढे ढकलत नेली आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. ॲपलची कमाई मुख्यतः उपकरणांवर होते आणि गूगलची जाहिरातींवर, हे लक्षात घेतलं की यातलं बरंच उलगडतं. आणि फायरफॉक्स धुतल्या तांदळासारखं आहे, असंही समजू नये. ते बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलकडूनच येतं, तेही शोधयंत्राच्या जागेसाठी.

मग क्रोम वापरणारे सगळे चुकले का? मुळीच नाही. २००८ मध्ये क्रोम आलं तेव्हा ते खरोखरच वेगवान होतं. प्रत्येक टॅब वेगळा चालवण्याची त्याची रचना चांगली होती. एक टॅब कोलमडला तरी बाकीचे शाबूत राहत. त्याबदल्यात मेमरी जास्त लागते, म्हणून जुन्या लॅपटॉपवर वीस टॅब उघडले की पंखा घरघरायला लागतो. कुणाला फोन आणि संगणकावरचे पासवर्ड जुळलेले हवे असतात, कुणाला अक्षर मोठं हवं असतं, कुणाला जाहिराती नकोशा असतात. या आवडी खऱ्याच आहेत. फक्त त्या आपल्या आहेत की सवयीच्या, हे एकदा तपासून बघायला हवं.

त्यासाठी आपण एक साधा प्रयोग करूया. आत्ता वापरतो त्याहून वेगळ्या इंजिनाचा ब्राउझर आठवडाभर वापरायचा. जुने बुकमार्क त्यात आणता येतात, त्यामुळे ते हरवण्याची भीती नाही. मग चार गोष्टी टिपायच्या: रोजची पानं नीट उघडतात का, यंत्र जड होतं का, पाळत किती अडवली जाते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात का. यातली शेवटची अट आवडीनिवडीच्या पलीकडची आहे. अद्ययावत नसलेला ब्राउझर कितीही आवडता असला, तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. आठवड्यानंतर जुन्याकडेच परतावंसं वाटलं, तर खुशाल परतावं. तेव्हा मात्र "तोच का?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असेल.

आता तुमचे प्रश्न घेऊया.