पोटाचे दुखणे व अहवालाची वाट

पिकावर कीड दिसली की शेतकरी चार जणांस विचारतो, कृषी सेवा केंद्रात पान नेऊन दाखवितो. परंतु स्वतःचे पोट बिघडले की तो कोणास बोलत नाही. महिना-दोन महिने ओवा, सोडा व दुकानातील गोळी यांवर निघतात. पुढे कोणी आग्रहाने यवतमाळास नेले, दुर्बिणीची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी “तुकडा तपासावयास पाठविला आहे, आठवड्याने या,” असे सांगितले, म्हणजे खरा कठीण काळ सुरू होतो. गेल्या वर्षी असा आठवडा आम्हांस स्वतः काढावा लागला. त्यात जे चुकले व जे साधले ते आमच्या शेतकरी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडीत आहो.

तुरीला फुले येण्याच्या सुमारास आमच्या छातीखाली जळजळ सुरू झाली, अन्न नकोसे झाले व वजन चार किलोंनी उतरले. दुर्बिणीत जठराच्या आत व्रण दिसला. डॉक्टर म्हणाले, “नुसत्या दिसण्यावरून सांगता येत नाही.” आम्ही मात्र एस.टी.त बसलो तो मनाशी निकाल लावूनच. आमचे एक मामा पोटाच्याच आजाराने गेले होते, त्यांची आठवण घर गाठेपर्यंत सुटली नाही. तिसऱ्या रात्री आम्ही कागद घेऊन वाटणी लिहावयास बसलो. कोणता गट कोणत्या मुलास, विहिरीची पाणीपाळी कशी, सर्व काही. बैलजोडी विकावयाची म्हणून व्यापाऱ्यासही बोलावून ठेवले होते. मंडळींनी तो कागद पाहिला व एवढेच म्हटले, “कागद आला नाही अन् तुम्ही फेरफार घेऊन मोकळे झाले!”

महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसास हा टोला वर्मी लागला. पैसेवारीचा अनुभव आमच्या वाचकांस आहेच. प्रथम नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, व शेवटी अंतिम. पहिली शेताकडे पाहून ठरते. शेवटची मोजून आखलेल्या तुकड्यातील पीक कापून, मळून, वजन करून ठरते. नजरेत पन्नास पैशांच्या वर दिसलेले गाव अंतिमात खाली येते, आणि उलटही घडते. म्हणून नजरअंदाजावर कोणी अखेरचा हुकूम काढीत नाही. दुर्बिणीत दिसले ती नजरअंदाज पैसेवारी. तुकड्याचा अहवाल ती अंतिम. डॉक्टर स्वतः पहिलीवर निकाल देत नाहीत, मग आपण तो का द्यावा?

अहवालास दिवस लागतात याचेही कारण समजून घ्यावे. काढलेले तुकडे जेमतेम तिळाएवढे असतात. ते प्रथम फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मग त्यांतील पाणी काढून ते मेणात बसवितात. त्या मेणाच्या वडीचे केसाहून पातळ काप घेऊन त्यांस रंग देतात. आणि मग तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहतो. शंका राहिल्यास दुसरा रंग देऊन पुन्हा पाहतो. यास्तव ‘उशीर झाला, म्हणजे वाईटच निघाले’ हा तर्क व्यर्थ होय. कचेरीतून नक्कल उशिरा मिळाली म्हणून जमीन गेली, असे कोणी समजत नाही.

दुसरी गोष्ट मन व पोट यांच्या संबंधाची. सन १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास बंदुकीचा बार लागला व त्याच्या जठरास पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या वाटेने जठराचे काम कित्येक वर्षे प्रत्यक्ष पाहिले व सन १८३३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भीतीने व रागाने जठराच्या अस्तराचा रंग व पाझर बदलतो, असे त्यांस आढळले. पुढील संशोधनानेही मेंदू व आतडी यांचे मज्जातंतूंनी जोडलेले नाते स्पष्ट केले आहे. तेव्हा वाट पाहण्याच्या दिवसांत भूक मेली, मळमळले किंवा शौचास वारंवार जावे लागले, तर रोगच वाढला असे नव्हे. त्यात काळजीचाही वाटा असतो.

मंडळींच्या त्या बोलण्यानंतर आम्ही पुढील नेम धरला. दर संध्याकाळी एकदाच वहीत नोंद करावयाची: काय खाल्ले, कोठे दुखले, झोप किती. दिवसभर पोट चाचपून पाहणे बंद केले. काळजीचे बोलणे दिवेलागणीनंतर अर्धा तास, तेही घरच्या माणसाजवळ. इतर वेळी ती वर आली तर ‘संध्याकाळी पाहू’ असे मनास सांगून हातातले काम चालू ठेवावयाचे. रात्री मोबाइलवर रोगांची नावे शोधणे सोडले. खर्रा बंद केला. अंगदुखीच्या गोळ्यांनी जठरास व्रण होऊ शकतो, म्हणून त्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेतल्या नाहीत. अहवाल कोणत्या दिवशी व कोणाकडे मिळेल हे लिहून घेतले. आणि बैल विकणे, कर्ज काढणे, वाटणी करणे यांपैकी काहीही अहवालापूर्वी करावयाचे नाही असे ठरविले. व्यापाऱ्यास चहा पाजून परत पाठविले.

तथापि धीर धरणे म्हणजे सर्वच सोसणे नव्हे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, घास अडकणे, पोट लाकडासारखे कठीण होऊन असह्य दुखणे, किंवा डोळे पिवळे होणे, यांपैकी काही दिसल्यास अहवालाची तारीख न पाहता रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असल्यास तसे सांगावे. तसेच फवारणीनंतर मळमळ, उलटी, पोटात कळ, घाम किंवा अंधारी आल्यास ती घरी बसून पाहण्याची गोष्ट नव्हे. सन २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नये. अशा वेळी औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी.

काळजीने रात्रीची झोपच उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर तेही दुखणेच समजावे. सन २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. तेथे बोलण्यात कमीपणा नाही.

आमचा अहवाल नवव्या दिवशी आला. कर्करोग नव्हता, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू होता. सन १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. सन १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, व सन २००५ मध्ये दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. चौदा दिवसांच्या औषधांनी आमचे काम भागले.

त्याच बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांचा अहवाल मात्र तसा नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, मुलास पुढची तारीख लिहून घ्यावयास सांगितली, व उपचार कोठे व केव्हा सुरू होतील एवढेच विचारले. अंगारे-धुपाऱ्यांत आठवडा न घालविता ते ठरल्या दिवशी आले होते, म्हणून त्यांचा वेळ वाया गेला नाही. वाट नीट पाहिली म्हणजे अहवाल चांगलाच येतो असे नाही. परंतु जो येईल त्यास तोंड देण्याची शक्ती शिल्लक राहते.

तो वाटणीचा कागद आम्ही फाडला नाही. पेटीत ठेवला आहे. वाटणी कधी तरी करावी लागेलच. ती मुलांस समोर बसवून, दिवसाच्या उजेडात करू.