पॅलेट ट्रकची ‘टक टक’
हँड पॅलेट ट्रक ओढताना टक टक आवाज येतोय? ट्रक रिकामा करून आडवा करा, फोर्कखालची चाकं हाताने फिरवा. बहुतेकदा एक्सलभोवती स्ट्रेच फिल्म नि सुतळी करकचून गुंडाळलेली सापडते. तीच पुढे बेअरिंग खाते. कापून काढा. तरीही टकटक? मग चाकाचं पीयू (पॉलियुरेथेन) एका बाजूला चपटं झालंय: माल लादून ट्रक रात्रभर उभा ठेवल्याचा प्रसाद!

नवीन चाकं घेताना लक्षात ठेवा: नायलॉन हलकं पळतं, पण खडखडतं आणि इपॉक्सी फ्लोअर ओरबाडतं. तिथे पीयूच, कडकपणा साधारण ९०-९५ शोअर ए. मासळीच्या कारखान्यासारखी सतत ओली जागा असेल तर पॉलिइथर पीयू मागा. पॉलिएस्टर पीयू ओल आणि उष्णतेने भेगाळतं. दुकानदार सहसा विचारत नाही, आपणच सांगायचं. आणि चाकं सगळी एकदम बदला.