मत आणि चिथावणी

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी उपोषणस्थळी लाठीमार झाला. पुढे पारावरचा मराठा-ओबीसी वाद मोबाइलवरही पेटला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जिल्ह्यात इंटरनेटही काही तास बंद राहिले.

कायदा मात्र शब्दाशब्दांत भेद करतो. पालघरमधील २०१२च्या अटकेनंतर उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. चर्चा आणि मतप्रचार कितीही बोचले तरी मोकळे, बंधन चिथावणीला. ‘ओबीसीतून आरक्षण द्या’ किंवा ‘देऊ नका’ हे मत. ‘त्यांची घरे पेटवा’ ही चिथावणी. सरसकट बंदीत हा भेद उरत नाही. अफवेबरोबर तिचा खुलासाही अडतो.