घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



मागच्या पावसाळ्यात सिल्लोडहून हर्सूलला परतताना गाडी मी चालवत होतो. मागे वसतिगृहातली तीन मुले बसली होती. फुलंब्री मागे पडली आणि दुपारच्या त्या रिकाम्या रस्त्यावर माझा डोळा लागला. गाडी डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली, मुले ओरडली, तेव्हा मला जाग आली. कोणाला खरचटलेही नाही. पण आदल्या रात्री मी चांगला आठ तास झोपलो होतो. मग दिवसा स्टिअरिंगवर झोप का यावी?

उत्तर घरातच होते. माझ्या घोरण्याची सगळे चेष्टा करत. शिबिरात मुले अंथरूण माझ्यापासून लांब घालत. पत्नी मात्र अनेकदा म्हणायची, "तुमचं घोरणं मध्येच एकदम थांबतं, मग गुदमरल्यासारखे दचकता." मी ते हसण्यावारी नेले. त्या प्रसंगानंतर तिने मोबाइलवर आवाज टिपला. घोरण्यापेक्षा मधल्या शांततेनेच मी घाबरलो.

झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, श्वासाची वाट अरुंद होते, आणि त्या फटीतून जाणाऱ्या हवेने मऊ भाग थरथरतो, तेच घोरणे. वाट पूर्ण बंद होऊन श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला, की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होऊन घसा उघडतो, आणि सकाळी यातले काहीच आठवत नाही. असे रात्रभर चालले, तर आठ तास अंथरुणात काढूनही विश्रांती मिळत नाही. रक्तदाब आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते. हा फक्त जाड माणसांचा आजार, असेही नाही. लहान किंवा मागे असलेल्या जबड्याच्या सडपातळ माणसालाही तो होतो.

(पौलाचे भाषण लांबले आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेने खाली पडला, त्याचा दोष आपण लांबलेल्या उपदेशाला देतो. हल्ली उपासनेत पेंगणारे कोणी दिसले, की मी आधी रात्रीची चौकशी करतो.)

माझी झोपेची तपासणी झाली. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, एवढेच. श्वास अडण्याच्या घटना तासाला किती, ते मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा आकडा १९ आला.

तीव्र आजारात पहिला उपाय सीपॅप. हे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणले. श्वास उघडा ठेवण्यात त्याची बरोबरी दुसरे साधन करत नाही. पण त्याला रात्रभर वीज लागते. मी महिन्यातल्या निम्म्या रात्री कन्नड आणि सोयगावच्या पाड्यांवर काढतो. तिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून डॉक्टरांनी मला दंतवैद्याकडे पाठवले.

तिथे मिळाले तोंडात बसवायचे साधन. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या, एकमेकींना अशा जोडलेल्या की खालचा जबडा थोडा पुढे राहतो. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि मागची वाट मोकळी होते. कल्पना जुनीच. पॅरिसच्या पिएर रोबॅं यांनी १९०२ मध्ये लहान जबड्याच्या मुलांसाठी अशाच प्रकारचे साधन वापरले होते. जबडा एकदम पुढे ओढत नाहीत; आठवड्याआठवड्याला अगदी थोडा सरकवतात.

त्याआधी मी एक चूक केली होती. एका हितचिंतकांनी मोठ्या प्रेमाने ऑनलाइन मागवलेले, गरम पाण्यात मऊ करून चावायचे साधन मला भेट दिले होते. चार रात्रींत जबडा ठणकू लागला आणि घोरणे तसेच राहिले. भेटीमागचे प्रेम खरे होते, पण कृपा करून असे काही आमच्या मुलांसाठी किंवा कार्यकर्त्यांसाठी पाठवू नका. माप घेऊन बनवलेल्या आणि पुढेमागे करता येणाऱ्या साधनाची गोष्ट वेगळी. त्यानेही पहिले काही आठवडे लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो. वर्षानुवर्षे वापरल्यास दातांची जुळणी थोडी बदलू शकते, म्हणून दंतवैद्याला दाखवत राहावे लागते. धुवायचे ते थंड पाण्याने. आणि साधन तोंडात ठेवून झोपेची तपासणी पुन्हा करायची, हे फार महत्त्वाचे. घोरणे बंद झाले तरी श्वास अडणे चालूच राहू शकते. माझा आकडा ६ वर आला. सलग दोन तास गाडी चालवायची नाही, हा नियम मात्र मी सोडलेला नाही.

वीज लागत नाही, म्हणजे पाड्यांसाठी हेच उत्तम, असे मला वाटले होते. तसे नाही निघाले. साधन धरून ठेवायला वर आणि खाली पुरेसे मजबूत दात हवेत, हिरड्या निरोगी हव्यात. गुटख्याने ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांचे मापच घेता येत नाही. विशीतल्या मुलांची ही अवस्था मी पाहिली आहे. शहराजवळ राहणाऱ्यांनी घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात निदान दात तरी तपासून घ्यावेत. आमच्या आरोग्य शिबिरात आता घरच्या माणसालाच विचारतो: श्वास मध्येच थांबतो का? दिवसा बसल्या जागी झोप लागते का? रक्तदाब आहे का?

कन्नड तालुक्यातल्या एका पाड्यावर या तिन्ही प्रश्नांना एका बाईंनी हो म्हटले. त्यांच्या नवऱ्याच्या खालच्या जबड्यात चारच दात. साधन बसणार नव्हते. तपासणीत आजार सौम्य निघाला, आणि श्वास अडत होता तो बहुतेक उताणे झोपल्यावरच. डॉक्टरांनी रात्रीची दारू बंद करायला आणि कुशीवर झोपायला सांगितले. बाईंनी त्याच्या जुन्या बंडीला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात नातवाचा रबरी चेंडू घातला. उताणा झाला की चेंडू टोचतो आणि तो वळतो. नातू रोज सकाळी चेंडू मागून घेतो आणि संध्याकाळी परत आणून देतो.