मच्छरदाणीची जाळी आणि हर्निया

जांघेतला हर्निया दुरुस्त करताना पोटाच्या कमकुवत भिंतीला जाळीचा आधार दिला, की तो सहसा उलटत नाही. पण कंपनीची जाळी घानातल्या शेतमजुराला कुठून परवडणार? म्हणून तिथल्या काही पथकांनी मच्छरदाणीचं निर्जंतुक केलेलं कापड वापरलं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी अर्थातच चालत नाही. निर्जंतुक करताना वाफेचं तापमानही १२१ अंश सेल्सिअसवर राखावं लागतं. जास्त तापलं तर कापड आकसतं. ऐकायला जुगाड वाटेल, पण युगांडातल्या चाचणीत (२०१६) वर्षभरानंतरचा निकाल महागड्या जाळीइतकाच चांगला होता. या कापडावरचा सुरुवातीचा शोधनिबंध दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि सहकाऱ्यांचा, २००३चा. सिएरा लिओनमध्ये तर डॉक्टर नसलेले प्रशिक्षित आरोग्यकर्मीही जाळी बसवतात.