काचेपलीकडचा पैलवान

सकाळी खाद्याच्या डबीचं झाकण फिरवलं, की आमचा पैलवान काचेशी हजर! आधी शेपटी हलते, मग अख्खं अंग लटपटतं, मग तोंड पाण्याबाहेर. फायटर मासा पाळणारं कुणीही छातीठोकपणे सांगेल, "तो मला ओळखतो." मला हे भाबडेपणाचं वाटत नाही. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आर्चरफिशला माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. शिकवलेला चेहरा दिसला, की हा मासा त्यावर नेमकी पाण्याची पिचकारी मारायचा! जात वेगळी, पण ‘माशाला काय कळतंय’ हे वाक्य मी तेव्हापासून ऐकून घेत नाही. फायटर तर बोटामागे फिरतो, शिकवलं तर छोट्या रिंगमधूनही पार होतो.

याचं माहेर थायलंड. तिथली भातखाचरं आणि उथळ डबकी हे त्याचं घर, आणि नाव ‘प्लाकत’, म्हणजे चावरा मासा. २०१९ मध्ये तो देशाचा राष्ट्रीय जलचर झाला. जनुकांच्या अभ्यासातून दिसतं, की माणूस त्याला किमान हजार वर्षं पाळतोय. आधी झुंजीसाठी, मग रूपासाठी. २०१६ मध्ये अंगावर थायलंडच्या झेंड्याचे लाल, पांढरे, निळे रंग असलेला एक नर ऑनलाइन लिलावात ५३,५०० बाटला गेला!

पडद्यावरही तो झळकलाय. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा १९८३ चा ‘रंबल फिश’ जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे; रंगात दिसतात ते मुख्यतः हे मासे.

डोक्यात एक खास अवयव असल्याने तो वर येऊन थेट हवा घेतो. म्हणूनच दुकानात तो इवल्याशा बरणीत तग धरतो. पण तग धरणं म्हणजे सुखात असणं नव्हे! त्याला पंधरा-वीस लिटरची टाकी, २४ ते २८ अंश सेल्सिअसचं पाणी, संथ फिल्टर आणि वर झाकण द्या. झाकण हवंच, कारण गडी उडी मारतो. आरसा दाखवला की कल्ले फुलवून अंगावर येतो. तो खेळ दोन-तीन मिनिटांत आवरा, नाहीतर बिचारा दमतो.

जगभरचे शौकीन त्याच्यासाठी एक वाळकं पान विकत घेतात. ते पान म्हणजे आपल्या मुंबई-कोकणात अंगणभर गळणारं देशी बदामाचं पान! मी सोसायटीच्या झाडाखालून तांबूस वाळलेली पानं वेचते, धुते, एकेक टाकीत सोडते. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि पैलवान त्या पानाखाली दडून बसतो.

आणि बाप म्हणून? नर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो. खाली पडणारी अंडी तोंडात झेलून वर नेऊन ठेवतो, मादीला हाकलतो, पिल्लं पोहायला लागेपर्यंत जागचा हलत नाही. एकटा नरही घरटं बांधतो. आमच्याकडे पहिलं घरटं दिसलं, तेव्हा आईने शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं होतं.

त्याला पापण्या नसतात, त्यामुळे झोपला तरी डोळे उघडेच. रात्री तो पृष्ठभागाजवळच्या रुंद पानावर अंग टाकतो, पर मिटलेले, रंग किंचित फिके. मी दिवा मालवते आणि टीव्हीचा आवाज कमी करते.