साखळी-करवत : जुनी यंत्रे आणि चालवणाऱ्याचे हात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजोबा दोघांनी ओढायच्या आऱ्याने लाकूड कापीत. वडिलांच्या हाती पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत आली. गावात तिला 'कटर' म्हणतात. गेल्या दिवाळीत एका ठेकेदाराने वडिलांना आपल्याकडचे फार जुने, जड कटर स्वस्तात देऊ केले. वडील मला म्हणाले, "तू शिकतेस ना? जुनं मशीन घ्यावं का, ते वाचून सांग."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रांशी माझा संबंध तो काय! पण प्रश्न घरचा होता. थंडीच्या सकाळी वडिलांच्या उजव्या हाताची बोटे पांढरी पडतात, शर्टाची बटणे आईला लावून द्यावी लागतात. म्हणून सुट्टीनंतर वाचन केले. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवते.

साखळी-करवतीचे तत्त्व सोपे आहे. लांबट पोलादी पट्टीच्या कडेने दातांची साखळी इंजिनाच्या जोरावर फिरते. अवघड होते ते वजन. जर्मनीत एमिल लेर्प यांनी १९२७ साली डोल्मार नावाच्या डोंगरावर आपले यंत्र चालवून पाहिले, ते ५८ किलोचे होते. आंद्रेयास श्टील यांचे १९२९ चे पेट्रोल-यंत्र ४६ किलोचे, सहा अश्वशक्तीचे. अशी यंत्रे दोघांनी धरावी लागत. अमेरिकेत १९४९ साली मॅककुलॉक कंपनीचे '३-२५' हे एकट्याने पेलण्याजोगे यंत्र आले. वजन साडेअकरा किलोच्या आसपास. श्टीलचे १९५९ चे 'कोंट्रा' सहा अश्वशक्तीचेच, पण १२ किलोचे. म्हणजे तीस वर्षांत ताकद तेवढीच राहिली आणि वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आले.

परंतु हलके यंत्र म्हणजे सोयीचे यंत्र, असे नव्हे. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो, तसाच तो सुरुवातीच्या करवतींतही असे. यंत्र आडवे केले की इंधनाचा पुरवठा बिघडे. उभे झाड तोडताना मात्र पाते आडवेच धरावे लागते. म्हणून इंजिन सरळ ठेवून नुसते पाते फिरवण्याची सोय काही यंत्रांत केलेली असे. पुढे फ्लोटच्या जागी लवचिक पडदा आला, आणि यंत्र आडवे, उलटे, कसेही धरता येऊ लागले.

दुसरा फरक गिअरचा. गिअरच्या यंत्रात साखळी सावकाश फिरते, पण ओढ जबर असते. मोठ्या बुंध्यात लांब पाते घातले तरी इंजिन दबत नाही. 'कोंट्रा'सारख्या बिनगिअरच्या यंत्रात साखळी वेगाने धावते आणि मध्यम लाकूड झरझर कापते. तिला धार मात्र चोख लागते. धार गेली की माणूस यंत्रावर जोर देऊ लागतो आणि हादरे वाढतात.

दातांची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. पूर्वीचे दात साध्या करवतीसारखे खरवडणारे होते, त्यांना वारंवार धार लावावी लागे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स यांनी १९४६ साली लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीउजवीकडे लाकूड कुरतडीत होती. त्यावरून त्यांनी आकड्यासारख्या वळलेल्या दातांची साखळी तयार केली. आजच्या साखळ्या त्याच वंशातल्या.

वजन घटले, वेग वाढला. हातांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. खरे तर १९१८ सालीच ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी अमेरिकेतील पाथरवटांच्या हवेच्या हातोड्यांची तपासणी करून, हादऱ्यांमुळे त्यांची बोटे पांढरी व बधिर होतात, हे नोंदवले होते. तरीही करवतीच्या मुठी कित्येक वर्षे इंजिनाला थेट जोडलेल्या राहिल्या. साठच्या दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर घालून हादरे अडवणे सुरू झाले. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीचे १९६९ चे '१८०' हे अशा यंत्रांपैकी एक. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. ती साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक सत्तरच्या दशकाच्या आरंभी आला. ब्रिटनमध्ये पांढऱ्या बोटांच्या या विकाराला कामगारांचा व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता मिळाली, ती १९८५ साली!

संक्रांतीला घरी गेले, तेव्हा चुलीपाशी बसून हे सारे वडिलांना सांगितले. ठेकेदाराच्या यंत्राला ना रबर होते, ना ब्रेक.

"पण आवाज कसा भरदार आहे! केवढाही बुंधा कापील," ते म्हणाले.

"कापील, आबा. पण तुमचं निम्मं काम फांद्या छाटण्याचं. त्याला एवढं जड मशीन कशाला? आणि त्याचे हादरे सगळे तुमच्या बोटांत येणार."

ते बराच वेळ हात शेकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मशीन चांगलं आहे, पण आपल्याला नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेकेदाराला नकार कळवला.

जुन्या यंत्रांची थोरवी मी नाकारीत नाही. त्यांनी माणसाचे दिवसाचे काम तासावर आणले. मात्र दोन यंत्रांची तुलना करताना ते किती कापते, एवढेच विचारून भागत नाही. संध्याकाळी चालवणाऱ्याला आपल्या हाताने घास घेता येतो की नाही, हेही विचारले पाहिजे. वडिलांची बोटे बरी होतील की नाही, ते डॉक्टर सांगतील. त्यांना दवाखान्यात नेण्याचे मात्र मी आता मनावर घेतले आहे.